ईमला जातोयस तर…

अरे, आधी नाव नीट म्हण: 'ईम'. स्पेलिंग (Eyam) बघून वाचलंस तर बसवाला गोंधळेल. इंग्लंडच्या डर्बीशायरमधल्या या गावात १६६५ मध्ये लंडनहून शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला आणि त्यासोबत प्लेग आला, असं सांगतात. पुढच्या उन्हाळ्यात पाद्री विल्यम मॉम्पेसनच्या सांगण्यावरून रोग बाहेर पसरू नये म्हणून गावाने स्वतःलाच कोंडून घेतलं.

बहुतेक जण प्लेग कॉटेजसमोर, म्हणजे प्लेग जिथून सुरू झाला त्या घरासमोर, फोटो काढतात आणि चहा पिऊन परततात. तू मात्र स्टोनी मिडलटनच्या वाटेवरचा सीमेचा दगड गाठच. त्यात खळगे आहेत. नाण्यांतून रोग जाऊ नये म्हणून गावकरी त्यांत व्हिनेगर ओतून नाणी ठेवत. बाहेरचे लोक अन्न ठेवून पैसे उचलत. खळग्यात बोट फिरवून बघ.

मग चढावरच्या रायली ग्रेव्ह्ज, म्हणजे एका कुटुंबाच्या कबरी. ऑगस्ट १६६६ मध्ये एलिझाबेथ हॅनकॉकने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं इथे एकटीने पुरली. मला तिथे कॅमेरा काढवला नाही.

चर्चच्या आवारात सॅक्सन क्रूस आहे, भिंतीवर १७७५ चं सूर्यघड्याळ. मॉम्पेसनच्या बायकोची, कॅथरीनची कबरही तिथेच. तीही प्लेगनेच गेली. बूट मात्र चांगले घाल, चढ आहे.