वाचकांचे प्रश्न : मातीवरची सायकल

प्रश्न : आम्ही पाच मित्र डांबरी रस्त्यावर साठ-सत्तर किलोमीटर सहज सायकल चालवतो. नोव्हेंबरअखेर शनिवार-रविवार भोरकडे एका शेतघरावर राहून मातीच्या वाटांवर, विशेषतः उतारावर, सायकल चालवायला शिकायचं आहे. प्रशिक्षक नाही. तिघांच्या माउंटन बाइक उसन्या आहेत. दोन दिवस कसे वापरावेत? (पुणे)

उत्तर : आधी किलोमीटर मोजायचे सोडून द्या. दोन दिवसांत पन्नास किलोमीटर घसाऱ्यावरून घसरत जाण्यापेक्षा शंभर मीटरचा एकच उतार वीस वेळा उतरणारा जास्त शिकतो. उसनी सायकल हातात आली की पहिल्यांदा कुठला ब्रेक कुठल्या चाकाचा ते पाहा. आपल्याकडे सहसा उजवा हात पुढच्या चाकाचा असतो, पण बाहेरून आलेल्या काही सायकलींत उलटं असतं आणि घाईच्या क्षणी हात सवयीप्रमाणेच चालतो.

शनिवारी सकाळचे दोन तास सपाट मैदानावर काढा. सीट पाच ते आठ सेंटीमीटर खाली घ्या. पेडलं जमिनीला समांतर ठेवून उभे राहा : टाचा खाली, गुडघे आणि कोपर वाकलेले, कंबरेतून पुढे झुकलेलं अंग. सगळा भार पायांवर हवा, हात हलके. ‘उतारावर मागे व्हा’ हा सल्ला अर्धवटच खरा आहे. बरेच जण त्यामुळे पार मागच्या चाकावर जाऊन बसतात, हात ताठ होतात, पुढचं चाक हलकं पडतं आणि पहिल्याच वळणावर ते मुरमावरून निसटतं. भार पायांवर आहे का, हे ओळखायची सोपी खूण म्हणजे क्षणभर मूठ सैल करता आली पाहिजे.

मग ब्रेक. लिव्हरवर एकच बोट, तर्जनी. ते लिव्हरच्या टोकाशी येत नसेल तर लिव्हरचा क्लॅम्प सैल करून हँडलवर आत सरकवा. जमिनीवर एक खूण करा, साधारण पंधराच्या वेगाने या आणि खुणेपाशी ब्रेक लावून थांबा : आधी फक्त मागचा, मग फक्त पुढचा, मग दोन्ही. दर वेळी अंतर पावलांनी मोजा. ब्रेक लावताच भार पुढे जातो, म्हणून मागचं चाक लवकर अडकून घसटतं आणि पुढचं जमिनीला घट्ट धरतं. पुढचा ब्रेक दाबत दाबत वाढवायचा, झटका द्यायचा नाही. त्या वेळी टाचा खाली ढकलल्या तर अंग हँडलवर फेकलं जात नाही. पाचही जणांची पावलं कमी होईपर्यंत उताराकडे जाऊ नका.

उतार निवडताना शेवटी सपाट मोकळी जागा असेल असाच घ्या. खाली दगडी बांध, काटेरी कुंपण किंवा विहीर नको. आधी चालत उतरून पाहा : नोव्हेंबरात वाळलेलं गवत उंच असतं आणि त्याखाली दगड दिसत नाहीत. शेतातून वाट जात असेल तर मालकाला विचारा. एका वेळी एकानेच उतरायचं. वेग वळणाच्या आधी, सरळ असतानाच कमी करायचा आणि वळणात ब्रेक सोडायचा. मुरमाचे खडे चाकाखाली गोळ्यांसारखे फिरतात. त्या टायरकडून एकाच वेळी वळण आणि थांबणं दोन्ही मागितलं तर तो दोन्ही देत नाही. वळताना बाहेरच्या बाजूचं पेडल खाली, सायकल आत कललेली, अंग तिच्याहून सरळ. नजर पुढच्या चाकावर नको, वळण जिथे संपतं तिथे हवी. हे आधी मैदानावर पाण्याच्या बाटलीभोवती करा. पाच मीटरच्या गोलापासून सुरुवात करून तो लहान करत आणा. दोन्ही बाजूंनी करा, एक बाजू नेहमीच कच्ची असते.

शनिवारी चार वाजता थांबा. बोटं आणि दंड थकले की ब्रेक उशिरा लागतो. रविवारी सकाळी पुन्हा तोच उतार, मग बारा-पंधरा किलोमीटरची एखादी बैलगाडीची वाट पुरे. माणशी तीन लिटर पाणी, हेल्मेट, पूर्ण बोटांचे हातमोजे हे न सांगता यायलाच हवं.

प्रश्न : टायरमध्ये ५० पीएसआय हवा असते. मातीसाठी कमी केली तर दगडावर लगेच पंक्चर होतं, ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. (नाशिक)

उत्तर : दोन भोकं म्हणजे दगड आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटली. हवा फार कमी झाली, किंवा दगडावरून सीटवर बसूनच गेलात. ५० हीसुद्धा मातीवर जास्तच : टायर दगडावर उड्या मारतो, पकड राहत नाही. सत्तर किलोचा चालक, २.२ इंची टायर आणि ट्यूब असेल तर पुढे २६, मागे २९पासून सुरुवात करा आणि दर वेळी दोन-दोनने बदलून पाहा. ट्यूबलेस असेल तर आणखी चार-पाच कमी चालतं. पंपांचे काटे एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून मोजायला पंप एकच ठेवा.

प्रश्न : चेनला स्प्रेने तेल दिल्यापासून डिस्क ब्रेक किंचाळतो आणि धरत नाही. (सातारा)

उत्तर : तेल डिस्कवर उडालं आहे. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने, स्वच्छ फडक्याने पुसा. पॅडमध्ये तेल मुरलं असेल तर घासून फारसं साधत नाही, नवीन घाला. नंतर वीसच्या वेगावरून चालण्याच्या वेगापर्यंत, चाक न अडकवता, वीसेक वेळा ब्रेक लावा, मग पॅड बसतात. चेनला थेंबाथेंबाने तेल द्या आणि वरचं पुसून काढा. डिस्क लांब उतारानंतर भाजते, हात लावू नका. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये तेल भरायची वेळ आली तर आधी लिव्हरवर काय लिहिलंय ते वाचा : मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये डॉट प्रकारचा ब्रेक-द्रव घातला तर आतली सीलं फुगून ब्रेक निकामी होतो.

प्रश्न : कासच्या सड्यावर सायकल चालवता येईल का? (कोल्हापूर)

उत्तर : सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, नको, कुठल्याच. कातळावरच्या मातीचा थर काही सेंटीमीटरचा असतो, आणि फुलं नसली तरी बिया, कंद त्यातच असतात. कास राखीव वनात आहे आणि पश्चिम घाटासोबत २०१२ पासून जागतिक वारसा यादीतही आहे. डांबरी रस्त्यावरूनच जा.

प्रश्न : दुरुस्तीचं काय काय सोबत न्यावं? (ठाणे)

उत्तर : माणशी एक ट्यूब. गटात मिळून पंप, टायर लिव्हर, पॅच, चेन तोडायचं हत्यार, षटकोनी किल्ल्या आणि ज्याच्या-त्याच्या गिअरच्या संख्येची क्विक लिंक, म्हणजे चेन जोडायची सुटी कडी : दहाची बारावर बसत नाही. लोक विसरतात तो डिरेल्युअरचा हँगर, म्हणजे गिअर बदलणारा मागचा भाग फ्रेमला ज्यावर लागतो तो तुकडा. सायकल उजव्या अंगावर पडली की वाकतो तो हाच, आणि तो फ्रेमच्या मॉडेलप्रमाणे वेगळा असल्याने गावात मिळत नाही, निघण्याआधीच मागवून ठेवा. वाकलेल्या हँगरवर चेन मागच्या सर्वांत मोठ्या चक्रावर टाकू नका, डिरेल्युअर आऱ्यांत जाऊन चाक मोडतं. हँगर तुटलाच तर हार्डटेलवर (मागे सस्पेन्शन नसलेल्या सायकलवर) डिरेल्युअर काढून, चेन तोडून आखूड करून मधल्या एका चक्रावर जोडा आणि सावकाश परत या.