सुचवलेलं सगळं बघायचं कधी?

प्रश्न : मैत्रिणींनी आणि नणंदेनं सुचवलेल्या कार्यक्रमांची यादी 19 वर गेली आहे. 11 वेब मालिका, 5 रोजच्या मराठी मालिका आणि 3 प्रत्यक्ष कार्यक्रम. त्यांत तानसेन समारोह हा इथला शास्त्रीय संगीताचा महोत्सवही आहे. मला रात्री तासभरच मिळतो. सुरुवात कुठून करू? – एक गृहिणी, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : आधी हिशोब मांडा. 8 भागांची, 50 मिनिटांच्या भागांची वेब मालिका म्हणजे 6 तास 40 मिनिटं. अशा 11 मालिकांना 73 तास, म्हणजे रोज तासभर बसून अडीच महिने. रोजच्या मालिकेचा भाग जाहिराती वगळून 22 मिनिटांचा धरला आणि 400 भाग झालेले असले, तर एकटीच 147 तास खाते. ती पहिल्यापासून धरूच नका. चालू आठवड्याचे भाग बघा. मागचं कथानक नणंद पाच मिनिटांत सांगेल, आणि आनंदानं सांगेल.

वेब मालिकांसाठी वहीत तीन रकाने पाडा : कोणी सुचवली, कुठे दिसते, कशासाठी आवडली. तिसरा रकाना रिकामा राहिला तर मैत्रिणीला फोन करून विचारा, "कितव्या भागापासून रंगली?" "चौथ्यापासून" असं उत्तर आलं तर ती मालिका खाली सरकवा. एका वेळी एकच चालू ठेवा. तीन-तीन अर्धवट ठेवल्या की पात्रांची सरमिसळ होते आणि दर वेळी मागचा भाग पुन्हा लावावा लागतो. दोन भागांत मन लागलं नाही तर खुशाल काट मारा. प्रवासासाठी भाग डाउनलोड करत असाल तर मुदत बघून घ्या. काही भाग एकदा सुरू केले की 48 तासांत बाद होतात.

प्रत्यक्ष कार्यक्रम मात्र यादीत सगळ्यांत वर. मालिका पुढच्या महिन्यातही सापडेल, डिसेंबरातला समारोह हुकला की वर्ष गेलं. हजिऱ्याला तानसेनांच्या समाधीपाशी तो होतो, तिकीट नसतं. गाण्याच्या सगळ्या सभांना जायचा हट्ट नको. त्या त्या दिवसाचा कलाकारांचा क्रम सकाळच्या वर्तमानपत्रात बघा आणि दोन सभा निवडा, एक सकाळची, एक संध्याकाळची. तानसेनांच्या जन्मगावची, बेहटची सभा सुचवली असेल तर ते गाव सुमारे 45 किलोमीटरवर आहे. परतीचं वाहन आधी ठरवा. रात्रीच्या सभेला शाल पुरत नाही. जमिनीवरची बैठक असेल तर गारठा खालून चढतो, म्हणून जाड चादर आणि पायमोजे हवेतच.

प्रश्न : शास्त्रीय गाणं ऐकायला मित्र नेतात, पण मी दहाव्या मिनिटाला चुळबुळ करू लागतो. – एक वाचक, जिवाजीगंज

उत्तर : दहाव्या मिनिटाला विलंबित (संथ लयीतला) ख्याल जेमतेम रंगात येत असतो, तबल्याची लय संथ असते आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे येते हे कळत नाही. तबल्याकडे कान द्या. एकतालाच्या 12 मात्रा (ठोके) बोटांवर मोजत चला; मुखडा, म्हणजे गाण्याची सुरुवातीची ओळ, घेऊन गवई समेवर आला की मान आपोआप हलते. सुरुवात ग्वाल्हेर घराण्याच्या गायकानंच करा, हा आमचा आग्रह, आणि तो गावाच्या अभिमानापोटी नाही. या गायकीत लांबलचक आलापीआधीच (संथ स्वरविस्ताराआधीच) बंदिश, म्हणजे शब्दांत बांधलेली चीज, हाती लागते, तिचे अस्थाई-अंतरा हे दोन्ही भाग पुरे म्हटले जातात आणि लयही फार संथ नसते. ध्रुपदाचा (ख्यालाहून जुन्या गायनशैलीचा) तासभराचा आलाप नंतर कधीतरी. उठायचंच असेल तर दोन कलाकारांच्या मधल्या वेळात उठा. तंबोरे जुळवण्यात दहा-पंधरा मिनिटं सहज जातात, चहा तेव्हाच होतो.

प्रश्न : भाचीनं सुचवलेली मालिका दुसऱ्याच भागात सोडली. तिला काय सांगू?

उत्तर : कुठल्या प्रसंगाला बंद केली तेवढं सांगा, म्हणजे पुढच्या वेळी ती नेमकं सुचवेल. "छान होती" म्हणालात तर दुसरा सीझनही गळ्यात पडेल.