वय २३, दिवसाला आठ-दहा सिगरेटी. तीनदा सोडली, दर वेळी चौथ्या-पाचव्या दिवशी परत सुरू. निकोटीन गमने उचकी लागते, मळमळतं. माझी इच्छाशक्तीच कमी आहे का?

इच्छाशक्तीचं नंतर बघू. आधी गम कसा खाता ते तपासा. उचकी लागते म्हणजे निकोटीन पोटात जातंय.

हा गम च्युइंगमसारखा भराभर चघळला की निकोटीन लाळेबरोबर गिळलं जातं आणि त्यातलं बरंचसं यकृतातच संपतं. त्रास पुरेपूर, तलफ तशीच. सावकाश चावा. मिरीसारखी चव किंवा चुरचुर जाणवली की थांबा आणि गाल आणि हिरडीच्या मध्ये तो ठेवून द्या. चुरचुर ओसरली की परत थोडे चावे, मग दुसऱ्या गालात. असा अर्धा तास. तंबाखूची चिमूट दाढेखाली धरून बसतात ना, साधारण तसंच. गम घेण्याआधी पंधरा मिनिटं आणि तो तोंडात असेपर्यंत कॉफी, कोला, लिंबू सरबत काही नको. तोंड आंबट असलं की निकोटीन नीट शोषलं जात नाही.

उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगरेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचा (डॉक्टरांना विचारून), नाहीतर २ चा. तलफ यायची वाट पाहू नका. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दोन-चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे चार-आठ तासांनी. दिवसाला २४ च्या वर कधीच नाही. बहुतेक जण दिवसाला दोन खातात, एक पाकीट पुरवून पुरवून वापरतात आणि मग गम बोगस ठरवतात.

दुसरी गफलत चहा-कॉफीची. सिगरेटच्या धुराने शरीर कॅफीन लवकर निकालात काढतं. सिगरेट थांबली की तेवढ्याच कपांत कॅफीन जास्त वेळ रेंगाळतं. हात थरथरणं, झोप न लागणं हे सगळं ‘सिगरेट सोडल्यामुळे’ म्हणून खपतं. कप निम्मे करा.

सकाळी पोट साफ होत नाही म्हणून परत ओढणारेही पुष्कळ. रात्री इसबगोल, भरपूर पाणी. बहुतेकांचं काही आठवड्यांत जागेवर येतं.

आता चौथा दिवस. शरीराची ओढ साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, म्हणजे अवघड टप्पा तुम्ही तिन्ही वेळा पार केलाय. मग टपरीवर कटिंग हातात येतो, समोर दोरीला लायटर लोंबत असतो, आणि ‘एकच’ सुटी मिळते. महाराष्ट्रात सुट्या सिगरेटच्या विक्रीवर सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे. टपरीवाल्याला ते सांगून बघा! त्यापेक्षा पहिले दोन आठवडे चहाची जागा बदला. तलफ चार-पाच मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ काढायचा. अगदीच राहवेना तर १८००-११२-३५६ ही सरकारी मोफत क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला फोनवर मदत करणारी सेवा आहे.

आणि मध्ये एखादी ओढली गेलीच, तर गम बंद करू नका. पुढचा ठरल्या वेळेला घ्या.