आतडे आणि मूत्राशय यांच्यातील फिस्टुला सीटी स्कॅनमध्ये दिसतो का?

आपल्या वडिलांना लघवीच्या शेवटी बुडबुडे येतात, संसर्ग पुन्हा पुन्हा होतो, सोनोग्राफीत काही निघाले नाही आणि आता सर्जननी सीटी स्कॅन सांगितला आहे. त्यात फिस्टुला, म्हणजे आतडे आणि मूत्राशय यांना जोडणारी अनैसर्गिक वाट, नक्की दिसेल का, असे आपण विचारले आहे. मी ठाण्यात रेडिओलॉजिस्ट आहे आणि असे स्कॅन अधूनमधून माझ्यासमोर येतात.

आतड्यातून मूत्राशयात गेलेली ती बारीक वाट पुष्कळदा दिसतच नाही, तरीही निदान होते, कारण आम्ही मुख्यतः आतड्यातून मूत्राशयात शिरलेली हवा शोधत असतो. रुग्ण उताणा झोपलेला असल्यामुळे मूत्राशयातील हवा वर, पोटाच्या भिंतीच्या बाजूला साचते आणि करड्या लघवीवर तरंगणाऱ्या, खालून सपाट अशा काळ्या डागासारखी दिसते. शेजारीच मोठ्या आतड्याचा सिग्मॉइड हा भाग जाड होऊन मूत्राशयाला चिकटलेला असेल आणि नेमक्या त्याच जागी मूत्राशयाची भिंतही जाडावली असेल, तर शंकेला फारशी जागा उरत नाही. सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे डायव्हर्टिक्युलायटिस, अर्थात आतड्याच्या भिंतीतून बाहेर आलेल्या छोट्या पिशव्यांची सूज. कर्करोग आणि क्रोन्स हा आतड्यांच्या दीर्घकालीन सुजेचा आजार ही इतर कारणे.

कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनमध्ये पांढरे दिसणारे औषध, कोणत्या क्रमाने देतात, यालाही महत्त्व आहे. शिरेतून दिलेले कॉन्ट्रास्ट काही मिनिटांतच मूत्रपिंडांतून मूत्राशयात उतरते, त्यामुळे तेथील पांढरेपणा आतड्यातून आला की मूत्रपिंडांतून, हे मग सांगता येत नाही. म्हणून आधी तोंडाने किंवा गुदद्वारातून कॉन्ट्रास्ट देऊन स्कॅन करावा आणि शिरेतले नंतर द्यावे. 'फिस्टुलाची शंका' हे शब्द चिठ्ठीवर आहेत ना, एवढे आपण पाहून घ्या.

एकदा एका आजोबांच्या मूत्राशयात हवा पाहून मी अहवालात फिस्टुला लिहायला घेतला होता. तेवढ्यात त्यांच्या सूनबाई सहज म्हणाल्या, "कालच नळी काढली हो त्यांची." कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घातल्यानेही हवा आत जाते, ते कोणी विचारले नाही तरी आपण होऊन सांगावे. मधुमेहींमध्ये वायू तयार करणाऱ्या जंतूंमुळेही क्वचित असेच चित्र दिसते.

स्कॅननंतरही संशय उरला, तर एक साधी चाचणी आहे, तीही आपल्या अनारशांवरच्या खसखशीची: सुमारे ५० ग्रॅम खसखस दह्यातून खायला देऊन पुढचे ४८ तास लघवीत दाणे येतात का, ते पाहतात. अर्थात ती सर्जननी सांगितली तरच करावी. दाणे आले तर फिस्टुला आहे एवढे कळते. तो कुठे आहे हे स्कॅनवरूनच ठरवावे लागते आणि मुळाशी कर्करोग नाही ना, याच्या खात्रीसाठी शक्यतो कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून मोठ्या आतड्याची तपासणी, करतात.