भावाच्या कंबरेची गादी सरकली आहे, ऑपरेशन करावं का? संशोधन काय सांगतं?

तुम्ही लिहिलंय की भाऊ ३८ वर्षांचा आहे, चिकोडीकडे उसाचा ट्रॅक्टर चालवतो. सात आठवडे झाले, कंबरेपासून पोटरीपर्यंत डाव्या पायात कळ जाते. एमआरआयमध्ये एल४-एल५ची, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी बाहेर आलेली दिसते, डॉक्टर ऑपरेशन सांगतात आणि गावातले म्हणतात, मणक्याला सुरी लावली की माणूस अंथरुणाला खिळतो.

मी बेळगावात फिजिओथेरपिस्ट आहे. माझं पोट व्यायाम शिकवण्यावर चालतं, म्हणून मी ऑपरेशनच्या विरोधात असेन असं वाटेल. तसं नाही. माझ्या आईचं ऑपरेशन मीच मागे लागून करवलं. त्याबद्दल पुढे सांगतो.

आधी गावातली भीती. आपली मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपते. त्याखाली सुट्या शिरा (मज्जातंतू) असतात, आणि भावाची गादी त्यातली एक शीर दाबते आहे. धोके आहेतच: जंतुसंसर्ग, शिरांवरचं आवरण फाटणं, शिरेला इजा, तीच गादी पुन्हा बाहेर येणं. पण दोन्ही पाय जाऊन माणूस कायमचा झोपणं या ऑपरेशनात फार दुर्मिळ.

नुसत्या रिपोर्टवरही जाऊ नका. २०१५ मध्ये ३,११० जणांच्या तपासण्या एकत्र करून पाहिल्या गेल्या, आणि त्यातल्या कुणालाच कंबरदुखी नव्हती. तरी चाळिशीतल्या साधारण निम्म्या लोकांची गादी फुगलेली होती. म्हणून पायातली कळ आणि रिपोर्टमधली शीर जुळते का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. जुळत असेल तर ऑपरेशनचा विचार रास्त आहे. नुसती कंबर दुखत असती तर मी थांबा म्हटलं असतं, कारण हे ऑपरेशन पायाच्या दुखण्यासाठी असतं, कंबरेच्या नव्हे.

तुमच्या प्रश्नाला सगळ्यात जवळचा अभ्यास नेदरलँड्सचा, २००७ मध्ये छापलेला. ६ ते १२ आठवडे पाय तीव्र दुखत असलेले २८३ रुग्ण घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले: एकाचं लवकर ऑपरेशन, दुसऱ्याने गोळ्या-व्यायामावर थांबायचं. वर्षाअखेर दोन्ही गटांतले ९५ टक्के लोक बरे झाल्याचं सांगत होते. मात्र थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना पुढे ऑपरेशन करावंच लागलं. आणि बरं वाटायला लवकर ऑपरेशनवाल्यांना साधारण ४ आठवडे लागले, थांबलेल्यांना १२.

हे १२ आठवडे आपल्याकडे वेगळे मोजावे लागतात. तिथे आजारपणात पगार चालू राहतो. तुमच्या भावाला गाळप हंगाम हुकला तर ट्रॅक्टरचा हप्ता कोण भरणार? वर्षाने निकाल सारखाच असला तरी मधले महिने सारखे नसतात. म्हणून हा निर्णय भावाने घ्यायचा, दुखणं किती सोसवतं आणि घर किती दिवस तग धरतं ते बघून. त्याने थांबायचं ठरवलं तरी गादी आणखी बिघडेल म्हणून घाबरू नका. पायातली ताकद शाबूत असेल तर थांबून नंतर ऑपरेशन करता येतं.

याच दुखण्यावरचा अमेरिकेतला १३ केंद्रांवरचा मोठा अभ्यास २००६ चा. त्यात ऑपरेशनच्या गटातल्या साधारण ६० टक्के लोकांनीच दोन वर्षांत ते करून घेतलं, आणि 'नको'च्या गटातल्या ४५ टक्के लोकांनी केलं! त्यामुळे त्याचा निकाल स्पष्ट लागलाच नाही. माणसं शेवटी दुखण्याचंच ऐकतात.

आता आई. ती खानापूरच्या शेतात दिवसभर वाकून भात लावायची, तेव्हा काही दुखायचं नाही. पण बस-स्टॉपपर्यंत सरळ चालली की पाय भरून यायचे, दर वीस पावलांना बसायची. हा मणक्याची नळी अरुंद झाल्याचा आजार, वाकलं की जागा मोकळी होते. तिला पहिल्या डॉक्टरांनी मणके जोडणाऱ्या स्क्रू-पट्ट्याही सांगितल्या होत्या. २०१६ मध्ये स्वीडनचा २४७ रुग्णांचा अभ्यास आला: नळी मोकळी करण्यासोबत मणके जोडल्याने दोन वर्षांनी जास्त फायदा दिसला नाही, उलट ऑपरेशन लांबलं आणि रक्तही जास्त गेलं. आम्ही दुसरं मत घेतलं, फक्त नळी मोकळी केली. भावालाही कुणी स्क्रू सांगितले तर 'कशासाठी?' हे विचाराच. मणका फार हलत असेल किंवा मोडला असेल, तर उत्तर वेगळं असू शकतं.

आज संध्याकाळी भावाला अंगणात टाचांवर दहा पावलं चालायला लावा. डावा पंजा वर उचलला जात नसेल, अंगठा मागे ओढता येत नसेल, तर थांबण्याचा सल्ला त्याला लागू नाही, उद्याच सर्जनना दाखवा. आणि लघवी अडली, कळेनाशी झाली किंवा बसायच्या जागी बधीरपणा आला, तर सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री गाडी काढा आणि मणक्याचं ऑपरेशन होतं अशा मोठ्या दवाखान्यात न्या, बेळगाव किंवा मिरज, जे जवळ पडेल तिथे.