लॅपटॉपमध्ये जागा नाही. गूगल ड्राइव्हचं फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवता येईल का?
हो, येईल. ड्राइव्ह अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘मिरर’ (म्हणजे फाइल्सची प्रत क्लाउडवर आणि डिस्कवरही) निवडा आणि फोल्डरची जागा म्हणून ती डिस्क दाखवा.

जपायचं ते केबलला. सिंक चालू असताना डिस्क निघाली, तर फाइल्स तुम्हीच डिलीट केल्या असा अ‍ॅपचा समज होऊ शकतो, आणि मग त्या क्लाउडवरूनही जातात. ड्रॉपबॉक्स ही अशीच दुसरी सेवा तर हा धोका स्वतःच सांगतं. म्हणून आधी अ‍ॅप पूर्ण बंद करा, मगच डिस्क ‘इजेक्ट’ करा. जोडताना उलट: आधी डिस्क, मग अ‍ॅप.

विंडोजवर डिस्क मॅनेजमेंटमधून डिस्कला एक ठरावीक अक्षर देऊन टाका. नाहीतर आज ‘ई’, उद्या ‘एफ’, आणि अ‍ॅपला फोल्डरच सापडत नाही.

लॅपटॉप सतत सोबत फिरत असेल तर मी ‘स्ट्रीम’च (फाइल्स क्लाउडवरच राहतात, लागतील तेव्हा उघडतात) सुचवेन, जागा तशीही वाचते.