सबमिशनचा महिना, आखडलेली मान

मागच्या अंकात बोलता बोलता मी लिहून गेले की परीक्षेच्या दिवसात आठवड्यातून एकदा डोक्याला तेल घालून घ्या, आणि त्यावर इतकी पत्रं आली की यावेळचं सगळं सदर त्याच्यावरच. बहुतेक सगळी कॉलेजच्या मुलामुलींची आहेत, एक आईचं आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे, मालिशवाली नाही, पण दिवसभर लोकांच्या माना न् खांदेच बघते म्हणून जे माहितीय ते सांगते.

ताई, मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सबमिशन चालूयत, रात्री दोन दोन वाजेपर्यंत कॉटवर मांडी घालून लॅपटॉपवर असतो. मान आणि उजवा खांदा दगड झालाय. रूममेट अंगठ्याने दाबतो तेव्हा स्वर्ग, पण दोनतीन तासात परत जैसे थे. मसाजने स्ट्रेस खरंच जातो का सगळे मनाचे खेळ आहेत?

दोन्ही रे. आणि मनाचे खेळ म्हणजे खोटं असं थोडीच आहे?

आधी मानेचं बघू. आपलं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं. ते सरळ असतं तोवर मणके तोलून धरतात, पण तू कॉटवर बसून खाली बघतोस तेव्हा तो भार मागच्या स्नायूंवर येतो. 2014 मध्ये हंसराज नावाच्या एका अमेरिकन स्पाइन सर्जनने गणित मांडलं होतं की मान 60 अंशात झुकवली तर मानेवर 27 किलोच्या आसपास भार येतो. ते गणितच आहे, कुणाच्या मानेत काटा लावून मोजलेलं नाही, पण अंदाज यायला पुरेसं आहे. म्हणजे तू रोज रात्री मानेवर तांदळाचं पोतं घेऊन जर्नल लिहितोयस असं समज. त्यात व्हायवाचं टेन्शन, टेन्शन आलं की खांदे आपोआप कानाकडे चढतात (आत्ता वाचताना बघ, चढलेले असतील, सोड खाली) आणि मग मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंत जो स्नायू जातो ना तो रात्रभर मुठीसारखा आवळलेला राहतो.

दाबल्यावर काय होतं, तर तो स्नायू काही कणकेसारखा मळून मऊ होत नाही. स्पर्शाचा आणि दाबाचा निरोप मेंदूकडे जातो, दुखण्याचा निरोप मागे पडतो, श्वास संथ होतो, आणि शरीर पळापळीच्या मोडमधून जरा आरामाच्या मोडमध्ये येतं. 2004 मध्ये मॉयर नावाच्या संशोधकाने तोवरचे बरेच अभ्यास एकत्र करून बघितले, एका सेशननंतरसुद्धा त्या वेळची घालमेल, ब्लड प्रेशर आणि नाडीचे ठोके कमी होतात असं त्यात दिसलं. पण मसाजने कॉर्टिसोल म्हणजे स्ट्रेसचं हार्मोन धाडकन खाली येतं असं जे सगळीकडे लिहिलेलं असतं ते त्याच माणसाने 2011 मध्ये तपासलं, तर फरक अगदी किरकोळ निघाला. म्हणजे बरं वाटतं हे खरं, रक्तातून विष बाहेर पडतं वगैरे पार्लरच्या भिंतीवरची वाक्यं आहेत. स्नायूंनी मेहनत केली की तयार होणारं लॅक्टिक अॅसिड निघून जातं हेही तसलंच, ते व्यायामानंतर तासाभरात शरीर स्वतःच संपवतं आणि तू तर बसून आहेस, तुझ्यात ते साठणार कुठून!

तर दोन तासांनी परत दुखतं कारण तू परत त्याच कॉटवर त्याच मांडीवर बसतोस. रूममेटला किती राबवशील? एक जुना टेनिस बॉल घे, मोज्यात घाल, मोज्याचं टोक हातात धरून बॉल खांद्यामागून सोड आणि भिंतीला पाठ लावून उभा राहा. पाठीचा कणा आणि खांद्याचं पातं यांच्यामध्ये जी जागा आहे तिथे बॉल आला की अंगाचा भार हळूहळू भिंतीवर टाक. एक जागा सापडेल जिथे "हाय" असं तोंडातून निघेल, तिथे थांब, पाचसहा सावकाश श्वास घे, मग दोन बोटं खाली सरक. कण्याच्या हाडावर बॉल नको, फक्त बाजूला. दोन्हीकडे दोन दोन मिनिटं, दर तासाला. आणि लॅपटॉप टेबलावर, खाली चार जाडी पुस्तकं (वाचत नाहीस ती), म्हणजे स्क्रीन डोळ्यासमोर येईल, कीबोर्ड वेगळा लावलास तर अजून बरं. हातात मुंग्या येत असतील, बोटं बधिर होत असतील किंवा पकड सैल वाटत असेल तर मात्र बॉल ठेव बाजूला आणि डॉक्टरला दाखव.

मी सदाशिव पेठेत राहून एमपीएससी करतेय. अभ्यासिकेत दहाबारा तास बसून संध्याकाळी पाय इतके जड होतात की जिना चढवत नाही. आई आली की काशाच्या वाटीने पाय घासून देते, त्या रात्री मेल्यासारखी झोप लागते. इथे मशीनवर पण करतात काशाचं, तळवे काळे होतात. मशीनवाले म्हणतात ती शरीरातली उष्णता आणि घाण. खरंय का?

नाही गं. कासं म्हणजे तांबं आणि कथील, साधारण चार भागाला एक. त्यावर तूप किंवा तेल आणि तुझा घाम लागला, घासलं गेलं, की धातूची जी काजळी सुटते ती ही. माझे तळवे आणि शेजारच्या काकांचे तळवे सारखेच काळे होतात, दोघांची घाण सारखी कशी असेल? तसंच पांढरं फडकं तूप लावून वाटीवर चोळून बघ, फडक्याला कुठली आलीय उष्णता.

पण झोप खरी आहे, आणि त्यात मला अजिबात नवल वाटत नाही. तळव्याला स्पर्श कळणाऱ्या नसांची नुसती गर्दी असते. आपल्या जुन्या लोकांनाही ते माहीत होतंच, वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात रोजचं अभ्यंग म्हणजे तेलाची मालिश सांगितलीय तिथे डोकं, कान आणि पाय या तीन जागा मुद्दाम वेगळ्या काढून सांगितल्यात, अख्ख्या अंगाला वेळ नसेल तर या तीन पुरे असं मी आपलं त्यातून घेते. (त्याच ठिकाणी अजीर्ण झालेल्याने मालिश करून घेऊ नये असंही आहे, मेसच्या रविवारच्या फीस्टनंतर लक्षात ठेव.)

मशीन वाईट नाही, पण आई आणि मशीन यात एक फरक आहे, आई पाय घासताना तू मोबाईल बघत नसतेस, मशीनवर बसून करंट अफेअर्सचे व्हिडिओ बघत असशील. वाटी एकदा घेऊन टाक, तुळशीबागेत किंवा जुन्या बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात मिळते, वर्षानुवर्षं टिकते. पायाच्या बोटांकडून टाचेकडे, टाचेभोवती गोल, आणि मधल्या खळग्यात जरा जोर लावून, एका पायाला सात-आठ मिनिटं बास. नंतर काळं पुसून मोजे घालून झोप नाहीतर चादर गेली.

आणि एक गोष्ट तुम्हा बैठ्या मंडळींना मुद्दाम सांगतेय. दोन्ही पाय जड होणं वेगळं, आणि एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागतेय, लाल झालीय, दुखतेय हे वेगळं. असं असेल तर त्या पायाला कुणालाही हात लावू द्यायचा नाही, चोळायचं तर नाहीच, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पोटरीत रक्ताची गुठळी असू शकते आणि ती सुटून वर फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं.

केस कापायला गेलो की सलूनवाला दादा शेवटी चंपी करतो आणि मान दोन्ही बाजूला कडाकड मोडतो. जाम भारी वाटतं. आई ओरडते. कोण बरोबर?

आई. चंपी कर, मान मोडू देऊ नकोस. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांच्या भोकांतून वर जातात, झटक्याने मान फिरवली की त्यांचं आतलं अस्तर फाटू शकतं, तिथे गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की स्ट्रोक, अगदी विशीतल्या पोरांनाही. क्वचितच होतं हे, पण फुकटच्या कडाकड आवाजासाठी हा सौदा कशाला? आवाजही हाडाचा नसतोच, सांध्यातल्या पाण्यात गॅसचा बुडबुडा होतो त्याचा असतो. दादाला आधीच सांगायचं, "मान नको, डोकं अजून पाच मिनिटं कर."

चंपी मात्र आपली शान आहे. इंग्रजीतला शाम्पू हा शब्द आपल्या चांपण्यातूनच गेलाय. पाटण्याचा दीन महंमद नावाचा माणूस एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात ब्रायटनला जाऊन गोऱ्या लोकांना वाफ देऊन अंग रगडून द्यायचा, पुढे तर तो राजाचाच शाम्पू सर्जन, म्हणजे अंग रगडून देणारा, झाला.

मुंबईत शिकते. मैत्रिणी म्हणतात परीक्षा संपली की स्पामध्ये फुल बॉडी करूया, ऑफर आहे. मला इच्छा आहे पण भीतीही वाटते, कपडे किती काढायचे, कोण करणार, मध्येच नको वाटलं तर? घरी विचारू शकत नाही.

विचारलंस ते छान केलंस, यात लाजण्यासारखं काही नाही. फोन करतानाच विचारायचं की करणारी बाई असेल ना, आणि शिकलेली आहे का. या दोन प्रश्नांना जे गोलगोल उत्तरं देतात तिथे जायचंच नाही, ऑफर कितीही मोठी असो. कपडे तुला जेवढे काढावेसे वाटतील तेवढेच, धड जागेत ज्या भागाला मालिश चालू आहे तेवढाच उघडा आणि बाकी अंगावर चादर असते. दुखलं तर "हळू", नको वाटलं तर "बास", कारण द्यायची गरज नाही, उठून यायचं. पैसे भरलेत म्हणून सहन करत पडून राहणाऱ्या मुली मी बघितल्यात, असं करू नकोस गं. अॅलर्जी, दमा, प्रेग्नन्सीची शक्यता, नुकतंच झालेलं ऑपरेशन, असं काही असेल तर आधी सांगायचं.

आणि तासाचे हजार-दोन हजार सहज जातात त्यात. मान-पाठ खरंच दुखत असेल तर त्यापेक्षा फिजिओथेरपीच्या कॉलेजांच्या ओपीडी असतात, तिथे फी अगदी कमी असते, मुलं शिकत असतात पण वर सीनियर उभे असतात, आणि दाबून देण्याबरोबर व्यायामही शिकवतात. सुगंधी मेणबत्ती तेवढी नसते तिथे.

मॅडम, माझा मुलगा हॉस्टेलला आहे. हल्ली म्हणतो डोकं जड असतं, मसाजला पैसे पाठव. आम्ही शेतात राबून कधी मालिश केली नाही. हे लाड आहेत का?

ताई, तुम्ही केलीत की मालिश. तो तान्हा असताना टाळू कुणी भरली, पायावर घेऊन तेल कुणी चोळलं? दिवाळीला पहाटे उठवून अंगाला तेल-उटणं कुणी लावलं? तेव्हा तो लाड नव्हता, आता लांब गेलाय म्हणून पैशात मागतोय इतकंच. या वेळी घरी आला की रात्री जेवणानंतर दोन तासांनी त्याला खाली बसवा, तुम्ही खुर्चीवर बसा, कोमट खोबरेल डोक्यावर घाला आणि काही विचारू नका. मार्कांचं तर नाहीच. पोरं समोरासमोर बोलत नाहीत पण पाठमोरी असली की बोलतात, हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे, ओपीडीत पालथं झोपलेला माणूस जे सांगतो ते तो बसून कधीच सांगत नाही.

आणि बोललाच, आणि त्यात आला की झोपच लागत नाही, जेवण जात नाही, कॉलेजला जावंसं वाटत नाही, जगण्यात राम नाही असं काही, तर मग तेलाच्या भरवशावर राहू नका. सरकारची टेलिमानस म्हणून हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं, तुम्हीसुद्धा करू शकता फोन त्याच्यासाठी. डोकं जड म्हणजे चष्म्याचा नंबरही असू शकतो हां, तेही तपासून घ्या.

आम्ही कोल्हापूरच्या हॉस्टेलवर सहाजण आहोत. ठरवलंय की रोज एकाने दुसऱ्याची पाठ रगडून द्यायची. कुठलं तेल, किती जोर, काय करू नये?

कोल्हापूरच्या पोरांनी मला विचारावं? तालमीत जाऊन बसा एक दिवस, पैलवान एकमेकांची अंगं कशी रगडतात बघा. पण त्यांचा जोर आणू नका, त्यांची अंगं तयार असतात, तुमची लॅपटॉपने पिचलेली.

तेल थंडीत तिळाचं, उन्हाळ्यात खोबरेल. तळहातावर घेऊन आधी चोळायचं, गार तेल पाठीवर ओतलं की समोरचा आवळतो आणि सगळं मुसळ केरात. हाताचा तळवा वापरा, कोपर नाही. कण्यावर दाब नाही, दोन्ही बाजूंनी कमरेकडून वर. दहापैकी सहा इतपत दुखलं तर ठीक, सातला थांबा. ताप असेल, अंगावर पुरळ-गजकर्ण असेल (हॉस्टेलवर एकाला झालं की सहा जणांना होतं, टॉवेलही वेगळे ठेवा) तर सुट्टी. आणि ताजी मुरगळ चोळायची नाही. मी स्वतः हॉस्टेलला असताना घोटा मुरगळला होता, मैत्रिणीने प्रेमाने अर्धा तास आयोडेक्स लावून खसाखसा चोळला, सकाळी पाय टरबुजासारखा, आणि आम्ही दोघी तेव्हा फिजिओच्याच पहिल्या वर्षाला होतो. पहिले दोनतीन दिवस बर्फ, क्रेप बँडेज आणि पाय उशीवर, बास.

फोन सहाही जणांचे खोलीबाहेर. आणि पाळी कुणाची ते भिंतीवर लिहून ठेवा, नाहीतर पंधरा दिवसांत एकच भोळा सगळ्यांच्या पाठी रगडताना दिसेल.